पालथा कप

मंगळवार, ३ सप्टेंबर

आज विद्यापीठ सुरू झालं. माझ्याशिवाय.

तरी मी सव्वाआठला सायकल काढली. चित्स्के कालव्यावरच्या पुलापर्यंत बरोबर होती. ती माझ्या शेजारच्या खोलीत राहते, इतिहास शिकते आणि सकाळी दहाच्या आत तोंड उघडत नाही, हे माझं नशीब. पुलावरून ती उजवीकडे गेली, मी डावीकडे, औषधनिर्माणशास्त्राच्या इमारतीच्या दिशेने. ती दिसेनाशी झाल्यावर मी सायकल फिरवली आणि शहराच्या ग्रंथालयात जाऊन बसले. तिसरा मजला, बागकामाची पुस्तकं. तिथे फक्त निवृत्त माणसं येतात.

बोलायला कुणी नाही म्हणून इथे लिहिते. पहिल्या वर्षात साठपैकी पंचेचाळीस गुण लागतात. नसतील तर त्या विषयातून बाहेर. माझे चाळीस झाले. सेंद्रिय रसायनात दोनदा आपटले. ऑगस्टमध्ये पत्र आलं, अगदी सभ्य, शेवटी पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा वगैरे. आणि आमचं घर फक्त विद्यार्थ्यांसाठी आहे, त्यामुळे विषय गेला म्हणजे खोलीही गेली. कळेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, एवढंच ठरवलं आहे. पुढचं ठरवलेलं नाही.

आईचा फोन आला होता. "काय गं, दुसऱ्या वर्षाच्या बाई! पहिल्या दिवशी काय शिकवलं?" मी म्हटलं, ओळख करून दिली. आई ड्रेंथमधल्या आमच्या गावात औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, बावीस वर्षं. माझी मुलगी फार्मासिस्ट होणार हे तिने खोकल्याचं औषध घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलेलं आहे.

मंगळवार, १० सप्टेंबर

डबा घरी विसरले. दुपारी यंत्रातलं सुकं सँडविच खाल्लं. संध्याकाळी बघते तर डबा फ्रीजमध्ये नीट ठेवलेला. चित्स्के म्हणाली, "तुला आणून देणार होते, पण राहिलं." आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "वाटाण्याचं सूप केलंय, खा दोन वाट्या." ती सूप कधीच करत नाही. परीक्षा जवळ आली असेल तिची, तेव्हा ती काहीही करते.

गुरुवार, १२ सप्टेंबर

आमच्या घरातला योरित सहा महिन्यांसाठी पोर्तुगालला चालला, त्याची खोली रिकामी होतेय. घरातल्याच बासने काल दुपारी जाहिरात टाकली आणि आज सकाळपर्यंत दोनशे चौदा अर्ज. ग्रोनिंगनमध्ये यंदा खोल्यांची इतकी मारामार आहे की लोक तबेला चालेल म्हणून लिहितात. रेनाउटने त्यातले दहा निवडले. रेनाउट आमच्यातला सगळ्यात जुना, सातवं वर्ष चालू आहे. बास त्याला म्हातारा म्हणतो आणि तो ओ देतो.

पुढच्या गुरुवारी निवड. दहाही जणांना एकदम बोलवायचं, गोल बसवायचं, चहा आणि एकेक बिस्किट द्यायचं, तासभर गप्पा मारायच्या आणि ते गेल्यावर आपण ठरवायचं. गेल्या वर्षी मी अशीच सत्तावीस जणांतून निवडले गेले होते. त्या रात्री मी आईला फोन करून रडले होते, आनंदाने.

गुरुवार, १९ सप्टेंबर

काय केलं मी.

क्रमाने लिहिते. आठ वाजता दहा जण आले. पाऊस होता, सगळ्यांचे बूट दारात. डीडरिक म्हणून एक उंच मुलगा बिअरचा क्रेट घेऊन आला आणि आल्याआल्या विनोद सांगायला लागला. दोघी एकमेकींशेजारी बसून एकमेकींचा द्वेष करत होत्या. आणि शेवटची आली ती रुलिन.

रुलिन औषधनिर्माणमधली. मार्च ते मे आम्ही प्रयोगशाळेत एकाच टेबलावर होतो. मी एकदा सगळं मिश्रण सांडलं तेव्हा फरशी तिने पुसली होती. आता ती दुसऱ्या वर्षात असणार आणि मी त्या वर्गात नाही हे तिला माहीत असणारच.

तिने मला पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "तुझा चेहरा ओळखीचा वाटतो."

"सगळ्यांना तसंच वाटतं," मी म्हटलं.

"असेल," ती म्हणाली आणि बसली.

बासला कुठे गप्प बसवतं! "अगं, हिल्केपण औषधवालीच! रोज भेटत असाल की तुम्ही!"

रुलिनने बिस्किट चहात बुडवलं. "दोनशे जण असतो रे आम्ही. मी पहिल्या बाकावर बसते. मागे कोण झोपतं ते मला काय माहीत?"

सगळे हसले. मीही हसले. किती सफाईने बोलली! ही ते राखून ठेवणार. खोली मिळाली की मग एखाद्या दिवशी स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

मग रेनाउटने तिला विचारलं, सध्या राहतेस कुठे. "तळ्याकाठच्या कॅम्पिंगवर. तंबूत. शेजारी बदकं आहेत. भाडं देत नाहीत, पण घोरत नाहीत." झेलंडची आहे ती, घर साडेचार तासांवर. तक्रारीचा एक शब्द नाही. जाताना बाकीचे बूट शोधत होते आणि ही न सांगता सगळ्यांचे कप विसळत होती. रेनाउट, जो कुणाला हसत नाही, तो तिच्याशी बोलताना दोनदा हसला.

ते गेल्यावर आम्ही चौघं टेबलाशी बसलो. बास म्हणाला, "चर्चा करायची गरज आहे का? रुलिन." चित्स्के म्हणाली, रुलिन. रेनाउट म्हणाला, रुलिन.

आमच्या घरात एक रीत आहे. प्रत्येकाला एक नकार मिळतो, घरात राहीपर्यंत एकच. कारण सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. आपला कप टेबलावर पालथा घालायचा, की तो माणूस बाद. रेनाउटने सात वर्षांत स्वतःचा वापरलेला नाही.

मी माझा कप पालथा घातला.

खाली थोडा चहा उरला होता, तो टेबलावर पसरला. बासने "अगं पण" म्हटलं आणि रेनाउटने त्याच्याकडे बघितलं. "विचारायचं नाही," तो म्हणाला. चित्स्केने फडकं आणून चहा पुसला. मग आम्ही डीडरिकला घेतलं.

शुक्रवार, २० सप्टेंबर

स्वतःला समजावते आहे. तिच्यासारखीला कुठेही खोली मिळेल, सगळ्यांना आवडते ती. दोनशे तेरा जणांना नाही म्हटलंच ना आम्ही. ती त्यातलीच एक.

तिचा निरोप आला घराच्या नंबरवर. "चहाबद्दल आभार. खूप दिवसांनी कोरड्या खुर्चीत बसले. नवीन माणसाला शुभेच्छा." बासने तो मोठ्याने वाचला आणि फोन उलटा ठेवला.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

डीडरिक मंगळवारी राहायला आला. आंघोळ करताना गातो. बटाटे उकडतानाही गातो. त्याच्या विनोदांचा साठा एकूण अकरा आहे, बासने मोजले. "हा तर तीन दिवसांत संपला," असं तो आज म्हणाला आणि मग माझ्याकडे बघून घाईने गप्प झाला.

आजकाल बास मला तासांबद्दल काही विचारत नाही. आधी रोज विचारायचा, आज कोणतं विष बनवलं म्हणून. कपाचा राग असेल. आणि रेनाउट! या आठवड्यात तिसऱ्यांदा त्याने जेवताना तीच कथा सांगितली, की त्याने दोनदा विषय बदलला, पहिल्या वर्षी भौतिकशास्त्रातून त्याला हाकललं, आणि तरी तो जिवंत आहे. "फेब्रुवारीतही प्रवेश असतात काही विषयांना, लोकांना माहीतच नसतं," असं म्हणत त्याने मला बटाटे वाढले. म्हातारा खरंच म्हातारा झाला, तेच तेच बोलतो.

रविवार, ६ ऑक्टोबर

गावाहून परत आले. आईने माझ्यासाठी एक बातमी राखून ठेवली होती, ताटात वाढून झाल्यावरच सांगितली. दुकानाच्या मालकीणबाई नाताळच्या सुट्टीत मला दोन आठवडे आत काम करू देणार आहेत. काउंटरवर नाही, आत, जिथे आईला बावीस वर्षांत फक्त खोकी ठेवायला जाता येतं.

"त्यांनी आपणहून विचारलं गं," आई म्हणाली. "मी फक्त आठ-दहा वेळा विषय काढला होता."

मी म्हटलं, अभ्यास असेल. तिचा चेहरा पडला, पण लगेच सावरली. "हो हो, अभ्यास आधी. मी सांगते त्यांना, तिला वेळ मिळाला तर." मग तिने एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या गोळ्यांबद्दल विचारलं, या दोन एकत्र घेतल्या तर चालतं का. मला माहीत नव्हतं. मी आत्मविश्वासाने उत्तर दिलं. आगगाडीत बसल्यावर शोधून पाहिलं, ते चूक होतं. तिला घाईघाईने फोन केला. "अगं, मला माहीत होतं," ती म्हणाली, "तुझी परीक्षा घेत होते." आणि खळखळून हसली.

मी खोटारडी आहे हे मला आगगाडीत पहिल्यांदा स्पष्ट वाटलं. आधी वाटायचं की मी फक्त अडचणीत आहे.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

घर चालवणाऱ्या संस्थेच्या कचेरीचं पत्र, सगळ्यांना. पंधरा नोव्हेंबरपर्यंत विद्यापीठात नाव असल्याचा दाखला पाठवा, नाहीतर सहा महिन्यांत खोली सोडा. बासने लगेच फोनवरून पाठवला, दोन मिनिटांचं काम. चित्स्केने विचारलं, "तुला काही मदत हवीय का, हिल्के?"

"दाखला पाठवायला मदत कसली?"

"नाही, असंच. कशालाही."

मी जरा तोडूनच बोलले. नंतर वाईट वाटलं.

बुधवार, २३ ऑक्टोबर

रुलिन भेटली. ग्रंथालयात, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या जागेपासून चार खुर्च्यांवर. फोन चार्जिंगला, पाठीवरची मोठी पिशवी खुर्चीला टेकवलेली आणि रेडिएटरवर ओले मोजे वाळत. अकरा वाजले होते. तिचा तास असायची वेळ, आणि माझाही, कागदोपत्री.

मी पळणार होते. तिने हात केला. "ये ना. मोज्यांचा वास येत असेल तर सांग."

बसले. काय करणार.

"मी तुझ्याबद्दल कुणाला बोलणार नाही हं," ती पहिलं वाक्यच हे बोलली. "ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेच्या यादीत तुझं नाव दिसलं नाही, तेव्हाच कळलं. त्या दिवशी तुमच्याकडे आले तर बास तसं म्हणाला, म्हणजे तू घरात सांगितलेलं नाहीस. बाकाचं काहीतरी सुचलं ते बोलून टाकलं. बरं जमलं ना?"

मी मान हलवली.

"मी पहिल्या बाकावर कधीच बसत नाही," ती म्हणाली आणि हसली. मग हसू गेलं. कॅम्पिंग एकतीस तारखेला हिवाळ्यासाठी बंद होतं. आमच्यानंतर ती आणखी सहा घरांत जाऊन आली. "पण तुमच्याकडे मला खात्री वाटली होती गं. मूर्खासारखी तंबूत परत जाऊन सामान बांधायला घेतलं होतं. तू तिथे होतीस, म्हणून विचारते. राग येणार नाही मला. माझं काय चुकलं? बदकांचं बोलले ते का? की कप धुतले ते आगाऊपणाचं वाटलं? पुढच्या घरी मग मी जपून बोलले, आणि त्यांनी सांगितलं की तू फार शांत आहेस."

मी काय बोलले ते इथे लिहायलाच हवं. मी म्हटलं, "तुझं काही नाही. डीडरिकचे विनोद चांगले होते."

"हं," ती म्हणाली. "विनोद मला जमत नाहीत." आणि मोजे उलटे करून दुसऱ्या बाजूने वाळत घातले.

बुधवार, ३० ऑक्टोबर

सात दिवस लागले मला. आज जेवताना बोलले. डीडरिक गाण्याच्या सरावाला गेला होता, आम्ही चौघंच होतो. बटाटा आणि केलच्या पाल्याचा लगदा, वर सॉसेज, कुणी अजून घास घेतला नव्हता.

मी म्हटलं, मला सांगायचं आहे, ऑगस्टपासून मी कुठेच शिकत नाही.

बासने काटा खाली ठेवला. "हुश्श," तो म्हणाला. खरंच म्हणाला.

"आम्हाला माहीत आहे," चित्स्के म्हणाली. "तू डबा विसरलीस ना, तेव्हा मी तो घेऊन तुमच्या इमारतीत गेले होते. तिथे यादीत तुझं नाव नव्हतं. मी या दोघांना सांगितलं. तू आपणहून बोलशील म्हणून थांबलो."

"मी तर थांबून थांबून माझी सगळी अधोगती तुला चार वेळा ऐकवली," रेनाउट म्हणाला. "दाखल्याचंही बघू. कचेरीतल्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत, फेब्रुवारीपर्यंत थांबतील त्या."

जीव भांड्यात पडला. दोन महिने मी ज्याला घाबरले ते असं होतं, लगदा आणि सॉसेज. मी रडायला लागले. चित्स्केने पाठीवर हात ठेवला, आणि त्या हाताच्या भरवशावर मी बाकीचंही सांगितलं. रुलिनला माहीत होतं, ती बोलेल म्हणून मी कप पालथा घातला.

तिचा हात निघाला.

"म्हणजे," ती म्हणाली, "एवढ्यासाठी?"

मी हो म्हटलं.

"आम्हाला वाटलं तिने तुला कधीतरी काहीतरी केलं असेल. काहीतरी वाईट. मी त्या मुलीबद्दल गेले सहा आठवडे वाईट विचार करतेय, हिल्के. काल ती रस्त्यात दिसली तर मी तोंड फिरवलं. तुझ्या बाजूने."

रेनाउट म्हणाला, "शिकत नाहीस हे तुझं होतं. ते आम्ही पोटात घातलं असतं. हे तुझं एकटीचं नव्हतं." तो रागावलेला मी कधी पाहिला नव्हता. आवाज चढलाही नाही त्याचा. ताट तसंच घेऊन तो खोलीत गेला.

माझी खोली तिला द्या, असं मी दाराबाहेरून सांगितलं. तो आतून म्हणाला, "आधी तिला जाऊन सांग का ते."

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

सकाळी कॅम्पिंगवर गेले. फाटकाला साखळी घालायचं काम चाललं होतं. माणूस म्हणाला, झेलंडची ना, ती परवाच गेली, सगळं आवरून, गवतात तंबूची एक खुंटीसुद्धा सोडली नाही. मी फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. निरोप लिहिला आणि पुसला. हे लिहून पाठवायचं नाही असं ठरवलं, बोलायचंच.

शनिवार, २ नोव्हेंबर

गावात आहे. दुकानासमोरच्या बाकावर, साडेआठ वाजलेत, नऊला उघडतं. पहिल्या गाडीने आले. आईला माहीत नाही.

गाडीत बसल्यावर रुलिनचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज होता, ती तिच्या काकांच्या शिंपल्यांच्या हॉटेलात काम करतेय. तिने मंगळवारी विद्यापीठातून नाव काढून घेतलं. मी म्हटलं, माझी खोली आहे, तू ये, मी जाते. ती म्हणाली, अगं नाव काढलंय, आता पुढच्या वर्षी बघेन, आणि तू का जातेस?

मी सांगितलं. कप, रीत, नकार, का. सगळे जण तुझंच नाव घेत होते, तिघांनीही, चर्चासुद्धा झाली नाही, हेही सांगितलं. गाडीचा डबा भरलेला होता, समोरच्या बाई वर्तमानपत्र वाचायचं सोडून ऐकत होत्या.

मागचा भांड्यांचा आवाज दूर गेला, ती बाहेर आली असावी.

"म्हणजे बदकांचं बोलले ते चाललं होतं?" तिने विचारलं.

"रेनाउट अजून सांगतो ते."

"मी त्या एका तासातलं एकेक वाक्य आठवून पाहिलंय, हिल्के. दीड महिना. आईला सांगितलं, माझ्यातच काहीतरी आहे, लोकांना लगेच कळतं ते." मग म्हणाली, "मी ठेवते आता. तुझ्याशी काय बोलायचं ते मला कळत नाहीये."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. समोरच्या बाईंनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं.

पावणेनऊ. आई सायकलवरून आली. कुलूप काढलं, जाळी वर सारली, कोट घातला; मागोमाग मालकीणबाईही आत गेल्या. आता खिडकीतल्या खोक्यांवरची धूळ पुसतेय, रोज पुसते. मी काय बोलायचं ते तीनदा मनात म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी पहिलं वाक्य वेगळं होतं.

तिने मला पाहिलं. फडकं हातात तसंच धरून ती काचेमागून हात हलवतेय आणि मागे वळून मालकीणबाईंना हाक मारतेय, बघा बघा, कोण आलंय, म्हणून. इतकी खूश झाली आहे.

जाते.